जहाज आणि पेटी

बाबांची बोटीवरची पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला डिचोलीतल्या आमच्या ख्रिस्ती शेजारणीचं जनेल आठवतं. त्याच्या शिंपल्यांच्या तावदानांतून दुधी उजेड तिच्या मेजावर सांडायचा. गोवा राज्य झालं त्या वर्षी गणपतीची चवथ तोंडावर आली तरी बाबांच्या बोटीची खबर नव्हती. देवाचा कौल उजवा मिळाला, तरी आईला राहवेना, म्हणून ती मला घेऊन शेजारणीकडे पत्त्यांवर भविष्य पाहायला गेली. "दोन पानां एकठांय वाचपाचीं," म्हणत शेजारणीनं पहिलं पान उलटलं, त्यावर जहाज होतं. दुसरं उलटलं आणि तिचा हात तिथंच राहिला. आई मात्र खुलली. "पेटी! म्हणजे पेटी भरून येतले बघ!" शेजारीण तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "हय गे बाय, पेटीच ती." चवथीच्या आदल्या संध्याकाळी बाबा खरंच आले, हमालाच्या डोक्यावर ही पेटी. शेजारीण धावत आली, पेटीवर हात ठेवून तिनं कपाळा-छातीवर खुरीस काढला आणि आईला मिठी मारून रडू लागली. आई हसत होती. आमच्याकडे माणसाला अग्नी देतात. मढं ठेवायची पेटी तिनं कधी पाहिलीच नव्हती. ते पान कसलं होतं, हे मला फार पुढे कळलं. आईला मी अजून सांगितलेलं नाही.