एक फूल जास्त

रायविस स्ट्राउटमानिस देशाकडून फुटबॉल खेळायचा, हे आमच्या बंदराच्या गावात, लिएपायात, सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आमच्याकडे खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी. हॉकीवाले जिंकले की माणसं रस्त्यात अनोळखी लोकांच्या गळ्यात पडतात. फुटबॉलवाले खेळून आले की विचारतात, "या वेळी किती गोल खाल्ले?" जिंकलात का, असं विचारायची कुणाला सवयच नाही.

कौतुक होतं ते त्याच्या आईला, वेल्टाला. ती ट्राम चालवायची. गावात ट्रामचा मार्ग एकच, त्यामुळे वेल्टाला न ओळखणारा माणूस गावात सापडणं कठीण. तिनं आपल्या केबिनमध्ये पोराचा फोटो चिकटवला होता, देशाच्या तांबड्या-किरमिजी जर्सीतला. बाप मासेमारीच्या बोटीवर गेला तो दुसऱ्याच बंदरात संसार थाटून बसला, तेव्हापासून घरात ही दोघंच.

"काय वेल्टाबाई, पोरगं पुन्हा हरलं वाटतं!" चढता चढता कुणीतरी टोमणा मारायचंच.

"हरलं तर हरलं. तुझ्या पोरासारखं सोफ्यावर लोळत नाही ना? चल, आत सरक, दार बंद करू दे मला."

आता खरं सांगायचं तर रायविस काही फार मोठा खेळाडू नव्हता. डावीकडचा बचावपटू, पळायला चपळ, पण डोकं जरा उशिरा चालायचं. इथल्या क्लबातून विशीच्या आतच तो पोलंडला गेला. तिथं अर्धा काळ राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून ब्लँकेट पांघरण्यात गेला. मग सायप्रस, मग कझाकस्तान, मग पुन्हा सायप्रस. परदेशात खेळतो म्हटलं की लोकांना वाटतं, काय थाट असेल! कसला आलाय थाट? भाड्याची खोली, हातवारे करून समजावलेलं जेवण, आणि नवा प्रशिक्षक आला की पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. सायप्रसच्या उन्हात त्याला घरची राय धान्याची काळी भाकरी आठवायची. शेवटी वेल्टा पार्सलनं भाकरी पाठवायची, ती पोचेपर्यंत विटेसारखी व्हायची, आणि हा वेडा ती चहात बुडवून खायचा.

वेल्टानं त्याला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे लहानपणी पाहिलं असेल, मोठेपणी नाही. टीव्हीवर सामना लागला की तिची नेमकी ड्यूटी, आणि ड्यूटी नसली तर ती भीतीनं स्वयंपाकघरात जाऊन बसायची. एकदाच, राजधानीत, रीगात, देशाचा सामना होता, तेव्हा रायविसनं हट्टानं तिकीट पाठवलं. तिनं कामाची पाळी बदलून घेतली, केस नीट करून आणले, शेजारच्या आउस्माला बरोबर घेतलं आणि बसनं रीगा गाठलं. रायविस बाकावर होता. प्रशिक्षकानं त्याला तीन वेळा उठवून मैदानाच्या कडेनं पळायला लावलं आणि तीनदा परत बसवलं. सामना संपला. आपण हरलो, ते वेगळं सांगायला नको.

बाहेर येऊन तो आईसमोर मान खाली घालून उभा राहिला.

"कडेनं पळत होतात ना तुम्ही सगळे," वेल्टा म्हणाली, "त्यात तूच सगळ्यात जोरात पळत होतास. हो की नाही गं आउस्मा?"

"हो हो, बाकीचे नुसते लंगडत होते," आउस्मा म्हणाली.

रायविसला रडू फुटलं. एवढा थोराड गडी, देशाची जर्सी अंगात, आणि स्टेडियमच्या भिंतीला टेकून रडतोय! तिथंच त्यानं आईला शब्द दिला. "आई, मी गावच्या क्लबात परत येतो. मग दर शनिवारी बघ मला. पोटभर बघ."

"ये बाबा. पण लवकर ये. माझे डोळे आहेत तोवर."

"हे एक वर्ष फक्त."

ते एक वर्ष काही संपेना. दर उन्हाळ्यात कुठलातरी क्लब आणखी एक वर्ष द्यायचा आणि हा सही करायचा. घाबरायचा, दुसरं काय! गावात परतलो म्हणजे आपण संपलो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आईला फोनवर सांगायचा, "पुढच्या वर्षी नक्की." आणि ती म्हणायची, "मी कुठं पळून चाललेय?"

असाच एकदा तिच्या नावाचा दिवस आला. वाढदिवसाला आम्ही बोलावल्याशिवाय जात नाही, पण आमच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेपुढे माणसांची नावं छापलेली असतात, आणि आपल्या नावाचा दिवस आला की आमंत्रण लागत नाही. ज्याला आठवण आहे तो फुलं घेऊन दारात उभा. वेल्टाच्या टेबलावर केशर घातलेला गोड वेटोळा पाव होता, धुरी दिलेला मासा आणि बटाटे होते, ट्रामवाले सगळे जमले होते. तेवढ्यात फुलवाल्याचा माणूस आला. सायप्रसहून पोरानं गुलाब पाठवले होते! वेल्टानं सगळ्यांना दाखवायला गुच्छ उंच धरला.

बारा गुलाब होते.

आमच्यात दुधखुळं पोरही ही चूक करत नाही. जिवंत माणसाला फुलं द्यायची ती विषम. सम संख्या फक्त मेलेल्यांना. पण सायप्रसमध्ये गुलाब डझनाच्या हिशेबानं मिळतात. परदेशी फुलं पोचवणाऱ्या तिथल्या दुकानाच्या यादीत डझन लिहिलेलं होतं, क्लबातले सगळे तेच मागवायचे, रायविसनंही बोट ठेवलं आणि सरावाला पळाला. इतकी वर्षं बाहेर काढली की माणसाच्या हातून असं होतं.

आउस्मा चटकन उठली, गुच्छातलं एक फूल ओढून तिनं आपल्या एप्रनच्या खिशात कोंबलं. "मोडकं होतं मेलं. अलीकडे काहीही विकतात!"

"हो ना," वेल्टा हसली. "थांबा, पाण्यात ठेवते." पण स्वयंपाकघरातून ती बराच वेळ बाहेर आली नाही. छातीतली गाठ डॉक्टरांनी तिला त्याच आठवड्यात सांगितली होती आणि तिनं ती एकट्या आउस्माला सांगितली होती. रायविसला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती. सीझन चालू होता ना पोराचा!

दुसऱ्या दिवशी आउस्मानं सायप्रसला फोन लावला. शपथ पाळली तिनं, पण जीभ काही आवरली नाही.

"काय रे मेल्या, आईला जिवंतपणी पुरायला निघालास का? बारा? लाज नाही वाटत?"

 रायविसनं लगेच आईला फोन केला आणि माफी मागितली. "अरे, फुलं छान होती," ती म्हणाली. "मोजतंय कोण?"

त्यानंतर मात्र त्याला चैन पडेना. हिवाळा लागता लागता त्यानं करार मोडून घेतला, गावच्या क्लबाशी बोलणं पक्कं केलं आणि आईला न कळवता घरी आला. तिला चकित करायचं होतं त्याला. दार आउस्मानं उघडलं. वेल्टा इस्पितळात होती.

खाटेवरची आई बघून तो आधी चिडलाच. "मला का नाही सांगितलंस? फुटबॉल काय जाळायचाय मला?"

"मग तू आला असतास आणि माझ्या डोक्याशी बसला असतास. बसलेला मी तुला रीगात पाहिलाय." ती दमून थांबली. "बर्फ वितळलं की सामने सुरू होतात ना? मला पुढच्या रांगेत जागा बघ."

त्यानं जागा बघितली. क्लबाच्या माणसाकडून पुढच्या रांगेतली खुर्ची तिच्या नावानं लावूनसुद्धा घेतली. मैदानावर अजून गुडघाभर बर्फ होतं, तेव्हा वेल्टा गेली.

रायविस गावच्या क्लबाकडून दोन सामने खेळला. चांगला खेळला असं लोक म्हणतात. पण चेंडू त्या बाजूला गेला की ती रिकामी खुर्ची समोर यायची. तिसऱ्या सामन्याला तो गेलाच नाही. आता बंदरात बोटींवर लाकूड चढवतो. कुणी परदेशातल्या गोष्टी विचारल्या तर म्हणतो, "काही नव्हतं तिथं." आणि खरंच काही नव्हतं. ज्या बाईला दाखवायचं म्हणून हा पळत होता, तिला एक सामनासुद्धा दाखवता आला नाही. मग कशाला पळाला एवढा?

आईच्या नावाचा दिवस आला तसा तो बाजारात फुलवालीपुढे उभा राहिला.

"कुणासाठी?"

"आईसाठी. नावाचा दिवस आहे."

फुलवालीनं हसून अकरा गुलाब बांधले. आई गेली, हे तिला न सांगताच त्यानं पैसे दिले.

कबरीजवळ आउस्मा आधीच आली होती. आमच्या रिवाजाप्रमाणे कबरीभोवतीच्या वाळूवर दंताळं फिरवून तिनं रेघा काढून ठेवल्या होत्या. तिनं गुच्छाकडे पाहिलं आणि तिला मोजावंही लागलं नाही.

"रायविस, एक जास्त आहे."

"राहू दे ना, मावशी."

"नाही राहू देता येत, बाळा." या वेळी मात्र तिनं हात पुढे केला नाही.

शेवटी त्यानं स्वतःच एक फूल काढलं. दहा वाळूवर ठेवली. उरलेलं आउस्मापुढे धरलं, तर ती मागे सरली. "मला नको. ते तिचं आहे."

दंताळं फिरवत, आपल्या पावलांच्या खुणा पुसत दोघं मागे मागे सरत बाहेर आली. आउस्मा तिच्या वाटेनं गेली. रायविस ट्रामच्या थांब्यावर एक गुलाब घेऊन उभा राहिला. शेजारी पिशव्या घेतलेली एक म्हातारी होती.

"कुणाच्या नावाचा दिवस वाटतं?"

"आईच्या."

"अगं बाई! मग इथं काय उभा राहिलास? ट्रामचा काही नेम नाही आज. चालत जा पटपट, वाट बघत असेल ती."

"हो," रायविस म्हणाला आणि चालू लागला.