दोष पिठाचा

परभणीत पिठाची अशी एकही गिरणी नसेल, जिथं माझ्या मोठ्या दिरांचं भांडण झालेलं नाही. माणूस तसा गरीब. येलदरीच्या धरणावर सगळी नोकरी काढली, तिथं कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं ऐकिवात नाही. रिक्षावाल्यानं भलत्याच गल्लीत उतरवलं, तर तेवढंच चालणं होईल म्हणून निमूट पायी येणारे. पण ज्वारीचा डबा स्कूटरवर पायांमध्ये ठेवून ते घराबाहेर पडले, की समजावं, आज कुणा गिरणीवाल्याचा दिवस वाया जाणार.

गिरणीत आपल्याआधी ज्वारीच दळलेली असावी, हे आपण सगळेच बघतो. गव्हामागं ज्वारी टाकली की पहिलं पीठ मिसळीचं येतं. पण आपण दोन मूठ पीठ बाजूला काढतो आणि घरी जातो. भाऊजींना ते चालत नाही. एकदा पुढं कुणाच्या लग्नाचे गहू चाललेले, तर मागून ज्वारी घेऊन कुणीतरी येईल म्हणून ते दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येकाचा डबा वाकून बघायचे आणि गहू दिसले की नाराज होऊन त्याला पुढं जाऊ द्यायचे. शेवटी ज्वारी घेऊन कोण आलं, तर मी. एवढ्या आनंदानं उठले, "या, या, तुमी आधी." मला वाटलं, धाकट्या भावजयीला मान देताहेत. गव्हाचा सगळा चिकटा माझ्या डब्यात आला आणि मागून यांचं पीठ चांदण्यासारखं निघालं.

घरी आणल्यावर पीठ गरम आहे म्हणून ते वर्तमानपत्रावर पसरतात आणि वर पंखा लावतात. जाऊबाईंनी नको म्हणून किती वेळा सांगितलं असेल. मग चष्म्यासकट पांढरे झालेले भाऊजी दारात उभे राहून आम्हालाच विचारतात, खिडकी कुणी उघडी ठेवली. पुण्याच्या मुलानं घरगुती चक्की पाठवली होती. तिला त्यांनी चार दिवस वागवलं, मग तिच्या अंगात जीव नाही असं ठरवलं. आता तिच्यावर लोणच्याच्या बरण्या असतात.

एवढा सगळा आटापिटा एका भाकरीसाठी. ती तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, म्हणून ते ओट्याशेजारी स्टूल टाकून जेवतात. आधी पापुद्रा काढायचा, वाफ जाऊ द्यायची, त्यात कारळाची चटणी आणि कच्चं तेल. जाड बाजू मागाहून, वरणात. जाऊबाईंची भाकरी होतीही तशीच, ताटाएवढी आणि पातळ. त्या थापायला लागल्या की शेजारच्या घरात कळायचं, जेवायची वेळ झाली.

गेल्या वर्षी एका सकाळी जाऊबाईंचा उजवा हात उचलेना. दवाखान्यात राहून आल्या. आता चालतात, बोलतात, मला कामं सांगतात, पण हातात पूर्वीचा जोर नाही. परातीतून उचलताना भाकरी मधोमध तुटते. भाऊजी पिठाबद्दल चोखंदळ पहिल्यापासूनच, पण गिरणीवाल्यांशी भांडणं सुरू झाली ती तेव्हापासून. हे माझ्या ध्यानात यायला मात्र एक रविवार उजाडावा लागला.

त्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्याकडं जेवायला होतो. पहिली भाकरी तुटली, दुसरीही तुटली. भाऊजींनी गिरणीवाल्याचा उद्धार सुरू केला. जाऊबाईंनी हात पुसला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "पिठाला नावं ठेवू नका. पीठ चांगलं हाय. माझा हातच गेला आता. उद्यापासून भाकरीला बाई लावा."

मला काम अडलेलं सहन होत नाही. मी म्हटलं, "सरका ताई, मी थापते." त्या हात धुवायला मोरीकडं गेल्या. तेच पीठ, तीच परात. भाकरी गोल आली, तव्यावर सुटली, जाळावर धरली तर टम्म फुगली. कुठं चीर नाही. माझ्या आईनं बघितली असती तर तिनंही मान डोलावली असती. मी ती भाऊजींच्या ताटात टाकली.

त्यांनी भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग मोरीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बायकोकडं. आणि तसली धगधगती भाकरी दोन्ही हातांनी धरून मधोमध मोडली. बोटं पोळली असणार. जाऊबाई वळल्या तेव्हा त्यांनी दोन्ही तुकडे वर धरले होते.

"बघ, धाकटीची बी तुटली. मी काय म्हणायलो केव्हाचा? पीठच खराब हाय."

जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या भाकरीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. मी म्हटलं, "हो ताई. विरीच गेलीय पिठाची, चिकटून राहतच नाही."

"तुझी बी तुटली म्हणजे लयच वंगाळ पीठ हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैलावला. "सरक. गरम पाण्यानं मळून बघते."

त्या पुन्हा परातीशी उभ्या राहिल्या. भाऊजींनी माझी भाकरी पार शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. माझे यजमान काही बोलणार होते, मी त्यांच्या ताटात आणखी वरण वाढलं.

आता जाऊबाई लहान लहान भाकरी करतात. काही जमतात, काही तुटतात. बाई काही लावलेली नाही. पिंगळीला एक बरी गिरणी आहे असं कळल्यावर भाऊजी रेल्वेनं डबा घेऊन तिथंही जाऊन आले, आणि तिथंही भांडून आले. परवा आमच्याच गल्लीतल्या गिरणीत बाकावर बसलेले दिसले. मांडीवर डबा, केस पिठानं अजूनच पांढरे झालेले. गिरणीत कुणाचे तरी गहू चालले होते, आणि ते रस्त्याकडं बघत ज्वारीवाल्या कुणाची तरी वाट बघत होते.

मी घरी गेले, ज्वारीचा डबा भरला आणि येऊन त्यांच्या पुढं नंबर लावला.