निळं कार्ड, पिवळं कार्ड

सगळा दोष माझ्या मामाचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी "अरे, मोठ्या माणसाबद्दल असं लिहितात का" म्हणायला नको. मोठा होता, चुकलाही मोठंच.

मामाचं चंद्रपूरला विम्याचं ऑफिस. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलं म्हणून घरच्यांनी मला त्याच्याकडं नेऊन टाकलं. विम्याच्या ऑफिसात किस्से धुळीसारखे साचतात. रोज झाडा, दुसऱ्या दिवशी तितकेच. मी फक्त एका उन्हाळ्याचे सांगतो.

मामा निळ्या ब्रोशरच्या कंपनीचा एजंट. पिवळ्या कंपनीची एजन्सी मामीच्या नावावर, कारण एका माणसाला दोन चालत नाहीत. मामीनं ऑफिसचं तोंडही पाहिलेलं नव्हतं! त्या वर्षी निळ्या कंपनीनं जास्त पॉलिसी विकणाऱ्या एजंटांना गोव्याची ट्रिप लावली होती. आणि त्याच उन्हाळ्यात मोहर्लीच्या जंगल सफारीचे जिप्सीवाले मेडिक्लेम घ्यायला निघाले. त्यांच्यातला एक पोरगा जिप्सीखाली सापडला होता. मांडीचं हाड मोडलेलं, आणि डिपॉझिट भरेपर्यंत हॉस्पिटलनं त्याला व्हरांड्यात ठेवलं. म्हणून ठरलं, सगळे एकच पॉलिसी घेणार, दवाखान्यात कार्ड दाखवलं की आत घेतील अशी.

मामाला गोवा दिसत होता. मला तो व्हरांडा दिसत होता.

*

मामाची विकायची एक पद्धत होती. निळं कार्ड चालणाऱ्या हॉस्पिटलांच्या यादीचं जाडजूड पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "वजन पाहा, भाऊ!"

लोक वजन पाहत. आत कोणी पाहत नसे. चिमूरच्या वासुदेवभाऊंनी मात्र घरी नेऊन पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं परत आले. पुस्तक टेबलावर आपटलं.

"मामासाहेब, याच्यात सारी मुंबई अन् पुणे भरून हाये. आपल्या जिल्ह्यातले दोनच. एक डोळ्याचा, एक तुमच्या दोस्ताचा."

"मग? दोन तर हायेत ना!"

"तुमचा दोस्त दुपारी झोपते. मंग माह्या घरच्याईनं काय डोळ्यांनीच बिमार पडाव?"

मामा अजिबात न लाजता म्हणाला, "डोळे महत्त्वाचेच असतात, भाऊ."

त्या दिवसापासून मी गाडीला किक मारली आणि दोन्ही कंपन्यांच्या यादीतला एकेक दवाखाना स्वतः जाऊन पाहायला लागलो. फोन करायचा नाही. फोनवर सगळे 'हो' म्हणतात.

*

पहिला गेलो मामाच्या त्या दोस्ताकडं. पांढरे केस, भिंतीवर सत्काराचे फोटो, अख्खं गाव पाया पडतं. मीही लहानपणी पडलोय, पाडलं होतं म्हणून. काउंटरच्या वर ठळक बोर्ड : येथे कॅशलेस सुविधा उपलब्ध आहे.

मी नमुन्याचं निळं कार्ड पुढं केलं. "डॉक्टरसाहेब, हे चालते ना?"

"नाई. कंपनी पैसे वेळेवर देत नाई. आम्ही बंद केलं. नगदी आणा."

"पण बोर्डावर लिहून आहे की."

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. बाहेर वेटिंगमध्ये चार बाया भांडत होत्या, एक लेकरू किंचाळत होतं.

"बोर्डावर 'शांतता राखा' पण लिहून आहे," ते म्हणाले. "दिसून राह्यली का कुठी शांतता?"

*

सिरोंच्याच्या मल्लेशभाऊंचं किराणा दुकान. त्यांना मामा निळी पॉलिसी देत होता. डोळ्याचं अन् दोस्ताचं सोडलं, तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल नागपूर! दिवसभराचा रस्ता. मामा म्हणे, "नागपूर तर आपलंच आहे."

मी पिवळं पुस्तक उघडलं. आमच्या ऑफिसात महाराष्ट्राच्या पुढची पानं आजवर कोणी उलटलीच नव्हती, अजून एकमेकांना चिकटलेली होती. ती फाडून वेगळी केली. आंध्रची यादी निघाली; तेव्हा पलीकडं आंध्रच होतं. सिरोंच्याची नदी ओलांडली की पलीकडच्या पहिल्याच मोठ्या गावात हॉस्पिटल! मल्लेशभाऊंची सगळी सोयरीक त्याच गावात.

मामा भडकला. "पॉलिसी चंद्रपूरची अन् पेशंट आंध्रात? काही अर्थ आहे का बे!"

मल्लेशभाऊ शांतपणे म्हणाले, "मामा, माझी आई तेलुगूच बोलते. पोट कुठी दुखते ते नागपूरले कोणाले सांगल?"

मल्लेशभाऊ पिवळी घेऊन गेले. मामा संध्याकाळभर माझ्याशी बोलला नाही. फार छान संध्याकाळ गेली.

*

मग मामानंच एक दिवस हसत निळ्या कंपनीचा नवा कागद आणला. "घे! बायपासवरचं नवं हॉस्पिटल आलं यादीत. आता काऊन बोंबलतं?"

गेलो. काचेचा दरवाजा, एसी, गुळगुळीत फरशी. कार्ड चालत होतं, नीट चालत होतं. मी निघणारच होतो, तेवढ्यात सहज विचारलं, "हाडाचे डॉक्टर कोणत्या खोलीत बसतात?"

रिसेप्शनची पोरगी म्हणाली, "सर नागपूरहून येतात. संडेला."

"अन् मधल्या दिवशी कोणाचं हाड मोडलं तर?"

"ॲडमिट करून घेतो ना आम्ही. संडेपर्यंत."

ऑफिसात येऊन मामावर ओरडलो. "म्हणजे जिप्सीवाल्यांनी काय रविवारीच पलटी मारायची?"

मामानं क्षणभर विचार केला. खरंच केला! म्हणाला, "तसंही सफारीले गर्दी रविवारीच असते."

त्याच दुपारी पिवळ्या यादीतल्या दवाखान्यात गेलो. बाजारातली जुनी इमारत, एसी नाही, पंखा कुरकुरतो. काउंटरवर एक पिवळ्या कार्डवालं कुटुंब डिस्चार्ज घेऊन हसत निघालं होतं. मी काउंटरवाल्याला विचारलं, "हाडाचे डॉक्टर कधी येतात?"

"येतात कायले? वरच राहतात."

तेवढ्यात डॉक्टर बनियानवरच जिना उतरून आले. "कोण पडलं?"

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

*

मोहर्लीची मीटिंग गेटजवळच्या आंब्याखाली, दुपारच्या सफारीच्या आधी. सगळे ड्रायव्हर आलेले. व्हरांड्यात पडलेला तो पोरगाही काठी टेकत आला होता. मध्ये बसले रहीमचाचा, जिप्सीवाल्यांत सगळ्यांत जुने.

मामानं मला गाडीतच बजावलं होतं, "तू तोंड उघडायचं नाई. मोठे बोलतील." म्हणून गप्प बसलो. मामा निळ्या पॉलिसीवर बोलत सुटला. पुस्तक हातोहात फिरवलं. "वजन पाहा!" बायपासवरच्या हॉस्पिटलातल्या एसीचं वर्णन केलं. पोरं माना हलवायला लागली. एकानं तर पेनही काढलं.

रहीमचाचांनी पुस्तक न उघडता खाली ठेवलं.

"साहब, आपले घर में कोण कोण हाये?"

"मी, बायको, दोन पोरं."

"माशाल्ला. त्याइचं कार्ड दाखवा ना जरा. कसं दिसते, पाहू तर द्या पोराईले."

मामा हसला. "कार्ड घरी राहिलं, चाचा."

काठीवाल्या पोरानं माझ्याकडं पाहिलं. का कोण जाणे, माझ्याचकडं.

"मामा," मी म्हणालो, "शर्टाच्या खिशात आहे. चष्म्याच्या मागं."

मामाचा हात आपोआप खिशाकडं गेला आणि तिथंच थांबला. चाचांनी आपला हात पुढं केला. तो काही खाली घेईनात. शेवटी मामानं चष्मा काढला, त्याच्यामागून कार्ड काढलं.

पिवळं.

चाचांनी ते उलटंपालटं केलं आणि पोरांकडं फिरवलं. कार्ड साऱ्या जिप्सीवाल्यांच्या हातून फिरून परत आलं, तेव्हा चाचांनी ते मामाच्या खिशात स्वतः नीट ठेवलं. वरून थोपटलं.

"आमाले बी हेच द्या, साहब."

मोहर्लीच्या सगळ्या पॉलिसी पिवळ्या झाल्या. माझी नोकरी गेली, मामाच्या घरची खोली गेली, आणि पुढच्या वर्षी माझ्या बहिणीला मांडवात घेऊन यायला मामा आला नाही.