अण्णाने सुचवलेला मशिनीचा खटला

भुताखेतांच्या गोष्टी मी आवडीने वाचत आले, पण त्या पुस्तकातच शोभतात असं माझं ठाम मत. अजूनही जवळजवळ तेच आहे... एक अपवाद सोडून.

गोष्ट १९९८च्या श्रावणातली. माझा थोरला भाऊ, अण्णा, त्याच वर्षी संक्रांतीनंतर गेला. नगरला वकिली करायचा आणि कोर्टाच्या कादंबऱ्या अधाशासारख्या वाचायचा. मी काय वाचायचं हे लहानपणापासून तोच सुचवी. गोष्ट रंगवून सांगायची आणि ऐन निकालापाशी थांबायचं – "आता न्यायाधीश तू!"

तो गेला आणि माझं वाचन थांबलं. पुस्तक हातात घ्यायचे, पण उघडवायचं नाही. वाचायचं नाही, तर मग मी उरले कशाला, असं वाटायचं.

त्या दुपारी मी नगरहून कोपरगावला एस.टी.ने येत होते. शेजारी एक मावशी बसल्या होत्या. घोडेगावच्या बाजारात शेळी विकून कोपरगावला लेकीकडे निघालेल्या. राहुरी गेलं तशा म्हणाल्या, "ताई, पुस्तक मांडीवर, अन् वाचत न्हाई व्हय?"

"नाही हो. होत नाही."

"मंग तुमीच त्या! मागल्या बाजारी याच गाडीत एक वकील हुते. काळा कोट. शेंगा सोलून समदे दाने मलाच दिले, सोता एक न्हाई खाल्ला. म्हनले, माझी बहीण असती या गाडीला. मांडीवर पुस्तक असंल, पन मिटल्यालं. तिला म्हनावं, 'यंत्राचा जबाब' वाच."

शेंगा सोलून दुसऱ्याला भरवणं ही अण्णाची जन्माची खोड. मी खिडकीची दांडी घट्ट धरली.

"गोष्ट बी सांगितली त्यांनी. एक इचार करनारा काम्प्युटर असतो. त्याच्या सांगन्यावरनं एका गरिबाला जन्मठेप हुती. मंग त्याचा वकील त्या मशिनीलाच पिंजऱ्यात उभी करतो. अन् ती कबूल करती, म्या खोटं बोलले!"

"मग?"

"मंग काय! म्हनले, मावशी, आता न्यायाधीश तुमी. म्या म्हनलं, मशिनीला फाशी द्यायला तिला गळा तरी हाय का? तिला शिकवलं त्या मास्तरला धरा!"

मी स्वतः शाळेत शिकवते. मला हसू फुटलं... कितीतरी महिन्यांनी, तेही इतकं मोठ्याने की कंडक्टरने वळून पाहिलं.

"हसता काय? तुमी द्या निकाल!"

"मीही शाळेत शिकवते हो. मास्तराची काय चूक? शिकवलेलं सगळंच कुठे डोक्यात राहतं?"

"मास्तरीन हाय ना, मास्तरचीच बाजू घेनार!"

शिर्डी येईपर्यंत आम्ही भांडत होतो. पुढच्या बाकावरचे आजोबाही मशिनीच्या बाजूने उतरले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी हे नाव ऐकलं नव्हतं. बोलता बोलता ते पुण्याहून आलेल्या नव्या पार्सलची सुतळी कापत होते... गठ्ठ्यात वरून दुसरं पुस्तक होतं – 'यंत्राचा जबाब'. पहिली आवृत्ती, त्याच महिन्यात छापलेली. शाईचा वास येत होता.

"ताई, तुम्हाला आमच्या आधी कसं कळलं?"

"भावाने सुचवलं," मी म्हणाले.

तिथेच बाकावर बसून मी पहिलं पान उघडलं. संध्याकाळी ग्रंथपाल कुलूप घेऊन समोर उभे राहिले, तेव्हा त्या संगणकाची उलटतपासणी सुरू होती, आणि ती सोडून उठणं कोणालाच जमलं नसतं. तुम्हीही वाचाच.

मावशींना दुसरा कोणी वकील भेटला असेल, असं मनाला समजावून पाहिलं. पण मिटलेलं पुस्तक? आणि छापून बाजारात येण्याआधीच 'यंत्राचा जबाब'ची गोष्ट त्याला कशी ठाऊक? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. खरं सांगायचं तर शोधायला फारशी सवडही झाली नाही – वहिनीने अण्णाचं पुस्तकांचं कपाट माझ्याकडे पाठवलंय, आणि अजून वरचाच कप्पा चालू आहे.