मोतीबिंदूच्या पुस्तिकेतलं वरण

वर्धा जिल्ह्यात असा माणूस सापडणं कठीण, ज्याला माझ्या मावसाजींनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, रस्त्यात अडवून काहीतरी वाचायला लावलं नाही. एसटीची वाट पाहणारे, पानठेल्यावर उभे असलेले, लग्नाच्या पंगतीत ताटावर बसलेले, ते कोणालाच सोडत नसत. झोळीतून एक कागद निघायचा, समोरच्याच्या हातात जायचा आणि मावसाजी त्याच्या ओठांकडे टक लावून उभे राहायचे. वाचणारा एखाद्या शब्दाशी अडखळला की यांची पेन्सिल फिरली आणि त्या शब्दाचा निकाल लागला. एकदा देवळीच्या स्टँडवर त्यांनी चक्क एका कंडक्टरला धरलं. वर्ध्याची गाडी खोळंबली, आणि आतले प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून 'जंतुसंसर्ग' या शब्दावर आपापली मतं देऊ लागले. गाडी उशिरा सुटली, पण तो शब्द पुस्तिकेतून कायमचा गेला.

हा सगळा खटाटोप पुस्तिकांसाठी. मावसाजी सत्तरच्या दशकात शाळामास्तरकीतून निवृत्त झाले, आणि ज्यांना नुकतीच अक्षरं लागू लागली आहेत अशा माणसांसाठी सोप्या पुस्तिका लिहिण्याची शिबिरं भरवू लागले. पवनारला त्यांच्या ओसरीवर सतरंजी पडायची. तिच्यावर डॉक्टर, ग्रामसेवक, दोनचार शेतकरी आणि सिंदी मेघेच्या शाळेतली मास्तरीण म्हणून मी, असे सगळे बसून एकच वाक्य लिहायचो. नियम एवढाच, की जो आपलं वाक्य समजावून सांगू लागेल त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. "पुस्तकासंगं तुमी घरोघरी जानार हाय का समजावाले?" असं मावसाजी विचारायचे. आमचे डॉक्टर स्वभावाने समजावणारे. त्यांच्या हातचा चहा पाहता पाहता इतका सुधारला, की त्यांच्या बायकोने मावसाजींना निरोप पाठवून आभार मानले.

मावशी या शिबिरांत बसत नसे. ती दाराआड तांदूळ निवडत ऐकायची. पण त्या वर्षी ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडू लागली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हिवाळ्यात देवळीला डोळ्यांचं शिबीर होणार होतं, आणि डॉक्टर मावसाजींना बाजूला घेऊन म्हणाले होते की आणखी वाट पाहिली तर नजर जायची. मावशीजवळ ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून गोठ्यात निघून जायची. जगाला पटवत फिरणारा हा माणूस घरात मात्र हात टेकून बसला होता. शेवटी त्याला जे येत होतं ते त्याने केलं. मोतीबिंदूवर पुस्तिका लिहायला घेतली.

ती कोणासाठी आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, मावशीलाही. डोळा बाहेर काढत नाहीत, हे लिहून झालं. दुखत नाही, हे लिहून झालं. प्रत्येक पान मोठ्याने वाचलं जायचं, आणि दाराआडून मावशी म्हणायची, "बरं लिवलं." पण जाईन म्हणायची नाही. एका रविवारी मावसाजींनी अगदी रडकुंडीला येऊन विचारलं, की यात आता राहिलं तरी काय?

"मी डोयाले पट्टी बांधून पडीन," मावशी म्हणाली, "तवा रांधन कोन? हे कुठी लिवलं?"

डॉक्टर म्हणाले की हा काही वैद्यकीय मुद्दा नव्हे, आणि का नव्हे ते समजावू लागले. त्यांना चहाला धाडण्यात आलं.

त्याच आठवड्यात शेवटचं पान तयार झालं. बायको पट्टी बांधून निजलेली असताना नवऱ्याने वरण-भात कसा करावा, हे त्यात होतं. तेव्हा मी शाळेत होते, ओसरीवर सगळे पुरुषच. मावसाजींनी स्वतः स्टोव्ह पेटवून, दोनदा हात भाजून घेऊन, एकेक पायरी लिहिली. स्टँडवर पानाची परीक्षा झाली. एकही गडी कुठे अडखळला नाही. संध्याकाळी ते मावशीला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून खूप हसली आणि म्हणाली, "जाईन मंग."

देवळीच्या शिबिरात ती आठवडाभर पट्टी बांधून पडून होती. मावसाजी बाहेर पटांगणात पुस्तिका दगडाखाली दाबून, तिच्यात पाहून वरण शिजवायचे आणि तिला चमच्याने भरवायचे. सगळं सुखरूप पार पडलं. जाड भिंगांचा चष्मा लागला, आणि पवनारला परतल्यावर घरातली जळमटं पाहून मावशीने मावसाजींना दिवसभर फैलावर घेतलं. इतक्या आनंदाने बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वर्षभराने पुस्तिका पुन्हा छापायची ठरली. माझ्या शाळेतल्या एका मुलीच्या आईला मी ओसरीवर वाचायला घेऊन गेले. शेवटच्या पानावर ती थांबली. मावसाजींनी लगेच पेन्सिल काढून विचारलं, की कोणता शब्द अडला?

"शब्द नाई जी," ती म्हणाली. "याच्यात मीठच नाई."

रक्तदाबामुळे मावसाजींचं मीठ कधीचंच बंद झालेलं. मावशी त्यांचं अळणी वेगळं काढायची, त्यामुळे वरण म्हणजे तसंच, हे त्यांच्या जिभेला पक्कं झालं होतं. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि ते दाराशी गेले.

"आठवडाभर अळणी खाल्लं तू? बोलली काऊन नाई?"

"मले त वाचून दाखोलं तवाच समजलं होतं," मावशी तांदळातून मान वर न करता म्हणाली. "मीठ म्हटलं असतं त तुमी ते पान घेऊन पुन्हा स्टँडवर गेले असते, आन शिबीर निंगून गेलं असतं. मले तुमाले पाहाचं होतं."

मावसाजी तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागले. ओसरीवर आम्ही एवढे लिहिणारे होतो, पण तिचं ते वाक्य कोणीच टिपून घेतलं नाही. आता दोघंही नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.