हळदीकुंकवाचा थांबा

डबलबेल अण्णांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नेकनूरच्या एसटीत जन्मभर कंडक्टरकी केलेला हा माणूस जेवायचाही उभ्यानं; झोपतानाही घरचे त्यांना भिंतीला टेकवून ठेवत असावेत. रिटायर झाल्यावर त्यांनी गावामागच्या खडकाळ टेकड्या धरल्या आणि आम्हा रिकामटेकड्यांना फुलपाखरं दाखवायला फरफटत नेऊ लागले. चालणं असं, की त्यांची सावली अर्ध्या तासानं वर पोचायची, धापा टाकत.

टेकडीवरही कारभार एसटीचाच. फुलपाखरू दिसलं की जिभेनं एकदा 'टिंग', म्हणजे थांबा. लगेच 'टिंग टिंग', म्हणजे चला. आमची मान वळायच्या आत दुसरी घंटी. "चला बे, झोपले काय!" या आवाजानं तिकडं उमापुरात म्हशी दूध चोरायच्या.

एका फुलपाखरानं मात्र अण्णांना छळलं होतं. त्याचं नाव हळदीकुंकू. उडताना नुसतं पांढरं. पंख मिटून बसलं तरच खालची हळद आणि कुंकू दिसतं. पण अण्णांच्या वाऱ्याला ते उभं राहील कशाला? "लई माजलंय," अण्णा म्हणायचे, "झाडाच्या शेंड्याखाली उतरतच न्हाई. रिझर्व्हेशन हाय जणू!"

औंदा लेकानं त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. पाडव्याला निघायचं. अण्णा सैरभैर झाले. "त्याच्या आत ते बसलेलं दिसलं पायजे. न्हाईतर तिकडं गॅलरीत डोसकं फिरंल माझं." रोज उन्हात पळून पळून माझ्या चपलांचे नुसते अंगठे उरले.

पाडव्याच्या आदल्या सकाळी मी वैतागलो. "अण्णा, आधी तुमी बसा. मग ते बसंल."

"मी? काहून?"

पण बसले. घाणेरीच्या जाळीसमोर, खडकावर. डोंगर दचकला असणार. बोटं हवेतच तिकिटं फाडत होती. ती त्यांनी मांड्यांखाली दाबली. ऊन चढलं. मग शेंड्यावरून ते पांढरं तरंगत आलं, घाणेरीवर टेकलं आणि पंख मिटले.

अण्णांचे ओठ हलले, पण 'टिंग' फुटलं नाही. ते उडून गेलं, तरी 'टिंग टिंग' येईना.

"चलायचं?" मी विचारलं.

"बस की लेका. कुठं जायचंय?"

पाडव्याला स्टँडवर गेलो. अण्णा खिडकीशी बसले होते, हात मांड्यांखाली. कंडक्टरनं दोनदा दोरी ओढली, गाडी हलली, आणि माझ्या तोंडातून एकदाच निघालं, "टिंग!"

अण्णांनी गर्रकन मान वळवली. ड्रायव्हरला काही ऐकू गेलं नाही.