दिलमायाची भरली घागर

नेपाळच्या डोंगरातल्या थुम्की गावात अठ्ठावीस घरं, त्यातल्या सतरांना कुलूप. दिलमाया पुनचं घर सगळ्यात वर, त्यामुळे तिच्याकडे निघालेला माणूस वाटेत दम खाता खाता बेत बदलतो. बोलायला एक शेळी होती, तीही ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

चार वर्षांपूर्वी मुलगा जीतबहादुर कतारला निघाला, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिने दाराशी भरली घागर ठेवली, वर झेंडूचं फूल. तांब्याची घागर शेजारणीने उसनी नेली ती नेलीच, म्हणून अॅल्युमिनियमची. माणूस वाटेला लागला की लोक ते पाणी ओतून टाकतात. दिलमायाने ओतलं नाही. घागर भरली आहे तोवर पोरगा सुखरूप, असं तिने आपलं आपणच ठरवलं. पाणी कमी झालं की वरून भर घालायची.

एका शनिवारी बारावीतली बिनिशा घर्ती चढून आली. शाळेच्या आरोग्य मंडळात पाच जण. चौघे फलक धरून फोटो काढून घरी गेले, ही मात्र वही आणि टॉर्च घेऊन निघाली. दिलमायाला ती बज्यै, म्हणजे आजी, म्हणायची.

“बज्यै, अंगण बघू? डास शोधतेय.”

“शोध नानी, शोध पोरी. सापडला तर चहाला बसव, तेवढंच कुणी यायचं राहिलंय. पण डास खाली तराईच्या सपाटीत. इथे थंडीने मरतात.”

“मरायचे. तुम्हीच म्हणता ना, दसैंच्या सणाला आता घोंगडी लागत नाही? गरमी वर चढली, मागोमाग तेही चढले. गेल्या पावसाळ्यातला ताप विसरलात?”

तो ताप ती कशी विसरेल? अठरा दिवस हाडं कुणी पिळतंय असं वाटत होतं. जीतबहादुरने फोनवर विचारलं, “जवळ कोण आहे?” शेळीकडे बघत ती म्हणाली होती, “घर भरलंय रे.”

बिनिशाने घागरीतलं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. आत बारीक अळ्या वळवळत होत्या.

“तापाचे डास असल्याच पाण्यात होतात. दर आठवड्याला ओता, घासा, मग भरा.”

“मुलगा परदेशात आणि दारात रिकामी घागर? जीभ आवर!”

बिनिशा पायरीवर बसली. “मला येत होतं तेवढं सांगून झालं, बज्यै. दसैंनंतर मी पोखऱ्याला चालले, नर्सिंगला. पुन्हा ताप आला तर पाणी कोण देणार तुम्हाला?”

दिलमाया पेल्याकडे बघत राहिली. चार वर्षं जपलं ते हेच. अठरा दिवसांचा ताप तिच्याच दारातून आत आला होता, आणि तिने त्याला फूल वाहिलं होतं.

ती उठली. आतून दुसरी घागर भरून आणली, पहिलीच्या शेजारी टेकवली, मगच पहिली उचलली आणि कोरड्या मातीत उपडी केली. दार क्षणभरही रिकामं राहिलं नव्हतं.

“हे आहे तुझ्या पुस्तकात?”

“नाही.”

“मग लिहून घे.”

बिनिशाने खरंच लिहून घेतलं.

दसैं झाला, बिनिशा गेली. त्या सकाळी दिलमायाने दाराच्या दुसऱ्या बाजूलाही एक घागर भरून ठेवली. आता शनिवारी दोन घासायच्या असतात. दुपार त्यातच जाते. शेळी बघत असते.